मांदेलीच्या वाट्याची गोधडी

पनवेलजवळच्या नेऱ्याच्या भामाबायकडून नेलेलं कुत्र्याचं पिल्लू पहिल्या रात्रीही रडत नाही, हे एके काळी खांदा कॉलनीपासून थेट उरणपर्यंत माणसं एकमेकांना सांगायची. एरवी पिल्लू घरी आणलं की घरादाराच्या झोपेचं खोबरं ठरलेलंच. आईपासून तुटलेला एवढासा जीव. त्याला खोक्यात ठेवा, मांडीवर घ्या, दुधाची वाटी पुढं सरकवा, त्याचं कुंईकुंई काही केल्या थांबत नाही. भामाबायचं पिल्लू मात्र नव्या घरात शिरायचं, चार कोपरे हुंगायचं आणि बरोबर आलेल्या चिंधीवर अंग टाकून ढाराढूर झोपायचं.

"तुझी बायको अफू घालते काय रं दुधात?" असं कोणी ना कोणी तिच्या नवऱ्याला, भगवानला, विचारायचंच. तो गळ्यातली साखळी चाचपत म्हणायचा, "मना तर लग्नापासून घालते. आजून उतरली नाय."

अफू कसली! जे काही होतं ते त्या चिंधीत होतं.

भामा मूळची उरणकडच्या खारगावातली, मिठागरावरच्या घरातली. लग्न होऊन नेऱ्याला आली तेव्हा आईनं तिला गोधडी दिली. आईची दोन आणि आजीचं एक, अशी तीन लुगडी एकावर एक घालून शिवलेली. वरून लाल, खालून हिरवी. आजीचं लुगडं दोन्हींच्या पोटात, कडेला डोकावायचं तेवढं विटून मातकट झालेलं, त्याचा खरा रंग भामानं कधी पाहिलाच नव्हता. सासरच्या पहिल्या रात्री ती त्या गोधडीत तोंड खुपसून झोपली. कापडाला चुलीचा, मिठाचा आणि आईच्या अंगाचा वास होता. पुढं तिला मुलं झाली, तीही पहिल्यांदा त्याच गोधडीत गुंडाळली. नवं कापड बाळाच्या अंगाला टोचतं, जुन्यात माया मुरलेली असते, असं आई म्हणायची. भामानं ते पदराला गाठ मारल्यासारखं जपून ठेवलं.

कुत्री तिच्या आयुष्यात आली ती जमीन गेल्यावर. डोंगराकडची भाताची खाचरं विकली, तिथं मुंबईच्या एका शेठचा बंगला उठला. भगवाननं गाडी घेतली आणि तो दुसऱ्यांच्या जमिनी गिऱ्हाइकांना दाखवत फिरायला लागला. भामाच्या हातांना मात्र स्वस्थ बसवेना. ज्या चिखलात उभं राहून लावणी केली, त्याच जागेवरच्या फरशा ती पुसायला लागली. शेठनं बंगल्यावर एक पिवळी लॅब्राडोर कुत्री आणून ठेवली होती. नाव शर्ली. भामाच्या तोंडी तिची सरला झाली. शेठ आधी दर शनिवारी यायचा, मग सणासुदीला, मग येईनासाच झाला. बंगला विकला गेला. नव्या मालकाला कुत्र्यांचं वावडं. सरला आपली भामाच्या मागं मागं तिच्या ओटीवर आली आणि पाय ताणून पसरली, सातबाऱ्यावर तिचंच नाव असल्यासारखी.

पुढच्या फार्महाउसवरच्या एका उमद्या नराशी तिची सोयरीक भामानंच जमवली. पिल्लं झाली तेव्हा बाळंतिणीला द्यावी तशी नाचणीची पेज दिली, सुकट घालून भात दिला. भगवान ओटीवर बसून चहा फुरकत म्हणाला, "पोरीची पण एवढी बाळंतपणं केली नाय तू."

"पोरीला सासू होती. हिला कोण हाय?"

तिथून ते सुरू झालं. लोक विचारत आले, तिनं पिल्लं दिली, आणि वर्षातून एकदा तिच्या ओटीवर गाड्या लागायला लागल्या. पिल्लांची नावं ती मासळीवरून ठेवायची. लांबुडका तो बोंबील, काळपट ती सुकट, वळवळ्या तो जवळा. घरी नेऊन काय ब्रूनो आणि कोको ठेवायचं ते ठेवा, तिच्याकडं असेपर्यंत हेच. गिऱ्हाइकाची ती उलटतपासणी घ्यायची. दिवसा घरात कोण असतं? बाल्कनीत बांधणार का? गावाला गेलात तर कुणाकडं ठेवणार? उत्तर पटलं नाही तर सरळ सांगायची, "नाय देत." एकानं विचारलं, आजारी पडलं तर बदलून द्याल का? तिनं त्याला उभा सोलला. "पिलू म्हंजे काय लोणच्याची बरणी हाय, फुटली का दुसरी न्याला?" सून अंकितानं तेव्हा तो सगळा तमाशा मोबाईलवर घेतला आणि इन्स्टाग्रामवर टाकला. भामाबाय त्यानं आणखी प्रसिद्ध झाली.

पिल्लू द्यायच्या आदल्या दिवशी ती पत्र्याच्या पेटीतून गोधडी काढायची. जीर्ण झालेल्या कडेचा हातभर तुकडा कापायचा, रात्रभर सरलाच्या पोटाखाली ठेवायचा, सकाळी पिल्लाच्या कपाळाला हळद लावून त्याच्याबरोबर द्यायचा. सासरी जाणाऱ्या पोरीला देतात तसा. स्वतःला जे लाभलं तेच ती देत होती. त्यात वावगं काय असणार?

एका चैत्रात गाढी नदीच्या पुलाजवळ तिला एक गावठी पिल्लू सापडलं. कोणीतरी पोत्यातून टाकून दिलेलं. भर उन्हात कुडकुडत होतं. भामानं त्याला मागच्या पडवीत आणलं आणि घरात जे सगळ्यात उबदार होतं, ते त्याच्यावर घातलं. पिल्लू रक्ताचं हगलं, ओकलं, आणि दुसऱ्या दुपारी गेलं. त्याला एक वास होता, कुजक्या रक्ताचा, घशात बसणारा. कोणीतरी हलकटानं विष घातलं असेल, असं म्हणून तिनं शिव्या मोजल्या आणि पिल्लाला बांधावर पुरलं. गोधडी कढत पाण्यात सोडा घालून आपटून धुतली, आठवडाभर कडक उन्हात टाकली. चैत्राचं ऊन. त्याच्याहून मोठा वैद्य कुठला? पापडासारखी कुरकुरीत झाल्यावर घडी घालून पेटीत ठेवून दिली. पडवी शेणानं सारवली. झालं.

पावसाळ्यात सरलाला पिल्लं झाली. तीनच. एक बोंबील, एक जवळा; आणि सगळ्यात लहान सोनेरी आणि चपळ, म्हणून ती मांदेली.

मांदेलीला न्यायला आले ते नवीन पनवेलचे अविनाश आणि कुमुद. तो बँकेतून निवृत्त झालेला, ती शाळेतून. मुलगा परदेशी. कुत्रं नवऱ्याला हवं होतं. कुमुद गाडीतून उतरतानाच साडी सावरत म्हणाली होती, "मी फक्त बघायला आलेय हं. केस गळतात म्हणे."

मांदेलीनं तिच्या चपलेचा पट्टा तोंडात धरला आणि सोडलाच नाही.

"हिचं नाव काय म्हणालात?"

"मांदेली."

"म्हणजे मासा?" कुमुदनं नाक मुरडलं. "अहो, आमच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नाही. मी मांदेली मांदेली करत फिरू सोसायटीत?"

"फिरा की! पलीकडची कोळीण टोपली घेऊन येईल, तेवढीच वळख," भामा म्हणाली, आणि कुमुद हसता हसता डोळे पुसायला लागली. जाईपर्यंत तिनं केतकी हे नाव नक्की केलं होतं आणि पिल्लू स्वतःच्याच मांडीवर घेतलं होतं.

भामानं सगळं नीट समजावलं. पहिली सुई झालीय, जंताचं औषध झालंय, दुसऱ्या सुईची तारीख चुकवू नका. मग कापडाची घडी तिच्या हातात दिली. "आणि यो तुकडा. हिच्या आयशीचा वास हाय त्याला. तोंडाशी ठेवा. धुवू नका, वास जाईल."

कुमुद जन्मभर शाळेत शिकवत आलेली बाई. सांगितलेलं तंतोतंत करणारी. तिनं मान डोलावली.

आठवडा झाला असेल नसेल, सकाळी तिचा फोन आला. "भामाताई, केतकी कालपासून खात नाहीये. उलट्या होताहेत. आणि... रक्त पडतंय हो. आम्ही दवाखान्यात आणलंय."

इतक्या वर्षांत असा फोन कधी आला नव्हता. कालवण चुलीवरून उतरवून भामा तशीच उठली. अंकितानं गाडी काढली. पनवेलपर्यंत सून एकटीच बोलत होती. "आई, लोक काय पण खायला घालतात पिल्लाला. केक घातला असंल. आपल्याकडनं गेली तेव्हा टणाटण उड्या मारत होती, व्हिडिओ हाय माझ्याकडं. तुमी उगा मनाला लावून घेऊ नका."

दवाखान्यात आतल्या खोलीत मांदेली पिंजऱ्यात पडली होती. पायाला सलाईन. कातडी हाडाला चिकटलेली, डोळे आत गेलेले. कुमुद स्टुलावर बसून जाळीतून बोट घालून तिच्या कानामागं खाजवत होती. "केतकी, ए केतकी, बघ कोण आलंय." पिल्लू हललं नाही.

भामाला आधी दिसलं नाही काही. आधी वास आला. कुजक्या रक्ताचा, घशात बसणारा.

डॉक्टर ऋचा, तरुण पण ठाम बाई, हातमोजे बदलत म्हणाल्या, "पार्व्हो आहे, मावशी. पिल्लांना एकमेकांकडून लागतो हा रोग. आतडी सोलून निघतात यात."

"सुई मारली होती ओ म्याडम. तुमच्याच हातची."

"माहितीय. पण पहिली सुई म्हणजे अर्धी बांधलेली भिंत. रोग अंगावर आला तर तेवढ्यानं थांबत नाही. मला सांगा, तुमच्याकडं एवढ्यात कुठलं कुत्रं आजारी होतं का? जुलाब, उलट्या?"

अंकिता मागून पटकन म्हणाली, "नाय नाय, आमच्याकडं सगळं क्लीन असतं."

आणि तेव्हा भामाला मांदेलीच्या हनुवटीखाली तो तुकडा दिसला. लाल, हिरवी कड, आईचा बारीक टाका. कुमुदनं तो घरून आणला होता, पिल्लाला परकं वाटू नये म्हणून.

गप्प बसली असती तर कोणाला कळलं नसतं. अंकितानं तिचा हात दाबला होता, ते दाबणं तिला कळलं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढं आणखी दोन तुकडे आले. एक उरणला गेलेला, एक आपट्याला.

"चैत्रात एक मेलं माज्या पडवीत," ती म्हणाली. "असंच. याच वासाचं. मी त्याच्यावर ती गोधडी घातलेली. मंग धुतली. सोडा घालून धुतली, उन्हात टाकली ओ, चांगली आठ दिस." आणि तिनं बोट दाखवलं. "त्यातलाच यो तुकडा."

डॉक्टरीणबाईंनी चिमट्यानं तो तुकडा उचलून पिशवीत टाकला. "हा रोग कपड्यावर महिनोन्महिने जगतो. साबणाला दाद देत नाही."

"पण ऊन...?"

"किती पदरी आहे ही? तीन? आतल्या पदरापर्यंत ऊन कुठं पोचतं, मावशी."

भामा कुमुदकडं बघायला धजत नव्हती. तिला वाटलं, आता बाई उठेल, ओरडेल, चार शब्द सुनावेल. ते घ्यायची तिची तयारी होती. पण कुमुद स्वतःच्या हातांकडं बघत होती.

"मी रोज तोंडाशी ठेवत होते तिच्या," ती हळू म्हणाली. "तुम्ही सांगितलंत म्हणून. ती चोखायची ते झोपेत. मी फोटो काढला, लेकाला पाठवला. धुवावंसं वाटलं होतं एकदा. मग म्हटलं नको, आईचा वास जाईल." आणि अविनाशकडं वळून म्हणाली, "अहो, मीच की मग."

भामाला हे सोसवेना. खरं बोलून तिनं आपल्या खांद्यावरचं उतरवलं होतं, पण ते या बाईच्या खांद्यावर जाऊन बसलं होतं. "तुमी नाय ओ! मी! मी दिला," ती म्हणत राहिली. कुमुद ऐकत होती की नाही कोण जाणे.

डॉक्टर म्हणाल्या, "बाकीची पिल्लं कुठायत? आधी तिकडं जा. लवकर कळलं तर वाचतात."

निघताना कुमुदनं मागून हाक मारली. "ती मला ओळख देत नाहीये. तुम्ही एकदा हाक मारून बघा ना."

भामा जाळीशी वाकली. "मांदेली. ए मांदेली."

शेपटीचं टोक एकदा हललं. कुमुदनं ते पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला.

गाडीत बसल्यावर अंकिता चिडून रडायलाच आली. "आई, तुमी एवढ्या लोकांसमोर कशाला सांगितलं? आता घरोघर जाऊन पण सांगणार? एकानं जरी लिहिलं ना खाली, सगळं पेज बसलं."

"बसूं दे. फोन लाव दोघांना, कापड बाजूला करा म्हनून सांग. मंग उरणची वाट धर."

वाटेत भगवानचा फोन आला. सुनेनं आधीच कळवलं होतं. "येडी जालीस काय तू? इकलेली भाजी कोणी दारात जाऊन परत मागतं?"

"भाजीचं नाव ठेवतं काय कोणी?" म्हणून तिनं फोन बंद केला.

उरणला बंदरावर नोकरी करणाऱ्या माणसाचं घर. त्याची बायको समृद्धी दारातच होती. बोंबील सकाळपासून मलूल होता, जेवला नव्हता. एवढंच. ओटीवर अंग चोरून बसला होता. भामानं तिला सगळं सांगितलं, आणि समृद्धीनं सुनावायचं ते सुनावलं. "माझी पोर त्याच्याशी खेळते, तिला काय झालं तर?" माणसाला होत नाही म्हणून सांगितलं तरी ऐकेना. पण सुनावता सुनावताच तिनं बोंबीलला टॉवेलात गुंडाळला आणि गाडीत येऊन बसली. त्याला तिथल्या दवाखान्यात पोचवेपर्यंत भामा सगळं ऐकून घेत होती. शिव्या खाताना तिला जरा बरंच वाटत होतं.

तिथून आपटा. पाताळगंगेच्या काठावर सुशांत नावाच्या तरुणाचं फार्महाउस. जवळा आंब्याखाली एका नारळाच्या करवंटीशी मारामारी करत होता. भामाला बघून धावत आला, तिच्या पायांवर लघवी केली. डोळे चकचकीत, नाक ओलं.

"तुकडा? फोनवर ताई म्हणत होत्या ते?" सुशांत डोकं खाजवत म्हणाला. "काकी, राग मानू नका. ते कळकट फडकं मी त्याच दिवशी येताना गाडीतून फेकलं. नवी गाडी आहे, म्हटलं कुठं ठेवायचं. पहिल्या रात्री रडला खूप. मग राहिला."

एरवी तिनं त्याला तिथंच फाडला असता. आता तिला त्याच्या पाया पडावंसं वाटलं आणि कानाखालीही द्यावीशी वाटली. ज्यानं तिच्या आईची गोधडी रस्त्यावर भिरकावली, त्याचं पिल्लू उड्या मारत होतं. जिनं ती उराशी धरावी तशी जपली, ती बाई जाळीपाशी बसली होती.

"कुठं फेकलं?"

"इथल्याच पुलाच्या आसपास असेल. आठवत नाही."

सासू-सुना पुलाच्या दोन्ही अंगांनी गवतात शोधत फिरल्या. अंकिताचा राग कधी गेला तिचं तिलाच कळलं नाही, ती काठीनं झुडपं उलटीपालटी करत होती. तुकडा सापडला नाही. त्या रस्त्यावर भटकी कुत्री पुष्कळ. तिथल्या कुठल्या पिल्लानं तो ओढत नेला, की पाण्यात गेला, हे भामाला कधीच कळलं नाही. आजही त्या पुलावरून जाताना ती खिडकीतून बाहेर बघत नाही.

मांदेली दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. भामा पोचली तेव्हा अविनाश एक खोकं घेऊन दवाखान्याच्या पायरीवर उभा होता. कुमुद गाडीत होती.

"कुमुदनं शेवटी मांदेलीच म्हणायला सुरवात केली होती," तो म्हणाला. "रात्रभर मांदेली, मांदेली. कोळीण आली असती खरंच."

तो हसायला गेला आणि ते हसू मधेच मोडलं.

भामानं पदराच्या गाठीतले पिल्लाचे पैसे काढले. ते परत करायलाच ती आली होती. औषधपाण्याचंही देईन, म्हणाली. अविनाशनं नको म्हणून हात हलवला. मग ती गाडीच्या काचेशी गेली आणि जे बोलू नये ते बोलली. तिच्या मनात वाईट नव्हतं. दुसरं काय द्यावं ते तिला सुचत नव्हतं, एवढंच. "पुढच्या टायमाला सरलाचं पहिलं पिलू तुमाला. सगळ्या सुया करून, स्वतः आणून देईन."

कुमुदनं काच खाली घेतली. आवाज चढवला नाही. "भामाताई, तुमचा तो व्हिडिओ मी पाहिला होता. बरणीचा. तो पाहूनच आम्ही तुमच्याकडं आलो."

काच वर गेली.

त्या दुपारी भामानं पत्र्याची पेटी उघडली. उरलेली गोधडी काठीनं उचलून बांधावर नेली, चैत्रातलं ते पिल्लू पुरलं होतं तिथंच. भगवान मागून आला. टिंगल करायच्या बेतानं आला असावा. पण रॉकेल त्यानंच ओतलं. लाल पदर आधी गेला, मग हिरवा. पोटातलं आजीचं लुगडं सगळ्यात शेवटी पेटलं. जांभळं होतं. पिवळ्या बारीक चौकड्यांचं. इतकी वर्षं अंगावर घेतलं आणि आज दिसलं.

"आयशीची एवढीच वस्तू होती ना तुज्याकडं?" भगवान म्हणाला.

"एवढीच."

बोंबील वाचला. पुष्कळ दिवस सलाईनवर होता, हाडांचा सापळा झाला, पण वाचला. समृद्धीनं त्याचा फोटो पाठवला, खाली एक अक्षर न लिहिता. अंकिताच्या पेजवर एकदोघांनी वाईट लिहिलं. तिनं ते पुसलं नाही. उलट स्वतःच एक व्हिडिओ टाकला, पार्व्हो म्हणजे काय, जुनी कापडं का देऊ नयेत. पिल्लं विचारायला येणाऱ्या गाड्या कमी झाल्या. भामानं पडवीचं शेण खरवडून तिथं लादी बसवली आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या औषधाच्या पाण्यानं ती रोज पुसायला लागली. त्या वासानं सरला शिंकायची. "शिंक," भामा म्हणायची, "शिंकून कोण मरत नाय."

कुमुद तिला एकदाच भेटली, पनवेलच्या बाजारात, फुलवालीपाशी. दोघींनी एकाच वेळी एकमेकींना पाहिलं. भामाला वाटलं, तोंड फिरवेल. पण कुमुद पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाली, "तिची आई बरी आहे ना?"

"बरी हाय."

"तिला कळलं असेल का हो?"

कुत्रीला पिल्लं गेल्याचं कळतं, मेल्याचं कळत नाही, हे भामाला पक्कं ठाऊक होतं. पण ते कुमुदला सांगून तिला बरं वाटेल की वाईट, याचा अंदाज लागेना. फुलवालीनं पुडी पुढं केली. कुमुद गेली.

सरलाला पुन्हा पिल्लं झाली ती पुढच्या वर्षी, शेवटची. भामानं कोणालाच लवकर दिली नाहीत. लोक म्हणाले, मोठी झाली की गोंडसपणा जातो. तिनं सांगितलं, जाऊ दे. सगळ्या सुया झाल्या, डॉक्टर ऋचा स्वतः येऊन बघून गेल्या, तेव्हा कुठं दिली. नावं मासळीचीच ठेवली, फक्त मांदेली हे नाव पुन्हा ठेवलं नाही. कपाळाला हळद लावली. हातात मात्र काही दिलं नाही. अंकिता म्हणाली, "आई, नवा टॉवेल देऊ, उकळून, काय होतंय?" भामा म्हणाली, "नको."

त्यातलं पहिलं पिल्लू नव्या घरी पोचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, करंजाड्याहून मोनाली नावाच्या मुलीचा फोन आला. भामा भाकरी थापत होती. अंकितानं फोन तिच्या कानाशी धरला.

"काकू, हा सारखा रडतोय हो! कालपासून. तुमची पिल्लं रडत नाहीत म्हणून सांगितलं होतं आम्हाला."

"जोरात रडतंय?"

"अहो, बिल्डिंग डोक्यावर घेतलीये! खालच्या मजल्यावरचे येऊन गेले."

"खातंय काय?"

"खातंय. दोन वेळा खाल्लं, पुन्हा मागतंय."

"शी घट्ट हाय?"

"हो, घट्ट आहे. पण रडतंय ना!"

"रडू दे बाय. दोन दिस रडंल." भामानं पिठाचे हात तसेच ठेवून मान वाकडी करून फोन खांद्यात दाबला. "फोन नको ठेवूस. जरा त्याच्यापाशी ने."

मोनालीनं नेला असावा. तव्यावरची भाकरी करपायला लागली, अंकितानं ती उलटली, पुन्हा उलटली. भामा मान वाकडी करून तशीच बसून होती, आणि पलीकडं ते पिल्लू बेंबीच्या देठापासून ओरडत होतं.